रोज फोन नको म्हणालास, त्यावर

प्रिय बाळा,

(एवढा घोडा झालास तरी बाळाच म्हणणार, तेवढं बदलायला मेसेजमधे सांगितलं नव्हतंस.)

तीन आठवड्यांपूर्वी तुझा मेसेज आला, "आई रोज फोन नको ना करूस, मी इंट्रोव्हर्ट आहे, मला ड्रेन होतं, आठवड्यातून एकदा निवांत बोलत जाऊ", आणि खाली चार अक्षरांत स्वभाव सांगणाऱ्या त्या ऑनलाइन टेस्टचा स्क्रीनशॉट. मी अंगठा पाठवला. तो अंगठा खोटा होता हे आता सांगते. त्या रात्री मी बाबांचं डोकं खाल्लं, की असं काय मी बोलते फोनवर, पाच मिनिटं तर बोलते, त्यावर ते म्हणाले पंचवीस, आणि परत पुस्तकात डोकं घालून बसले. मग मी ठरवलं की या इंट्रोव्हर्ट प्रकरणाचा छडाच लावायचा. खरं सांगायचं तर तुला खोडून काढायलाच वाचायला बसले होते. निम्मं खोडता आलं. उरलेल्या निम्म्यात माझीच विकेट पडली. फोनवर हे सगळं बोलले असते तर तुला परत ड्रेन झालं असतं, म्हणून लिहिते आहे, तू तुझ्या सवडीने वाच, दोन-तीन हप्त्यांत वाचलंस तरी चालेल.

तर इंट्रोव्हर्ट-एक्स्ट्रोव्हर्ट, आपल्या मराठीत अंतर्मुख-बहिर्मुख, हे शब्द आणले कार्ल युंग यांनी, स्विस मानसोपचारतज्ज्ञ, मनोविश्लेषणवाल्या फ्रॉइडबरोबर आधी गळ्यात गळे आणि मग कायमची फारकत. १९१३ मधे म्युनिकच्या परिषदेत त्यांनी ही कल्पना मांडली आणि १९२१ मधे त्यावर जाडजूड पुस्तकच लिहिलं. गंमत बघ, सुरुवात भांडणातून आहे. फ्रॉइड आणि अ‍ॅडलर हे दोघे हुशार, दोघे त्याच प्रकारचे पेशंट बघणारे, मग दोघांचे सिद्धांत इतके वेगळे कसे काय, हा प्रश्न युंगना पडला होता. त्यांचं उत्तर असं की काहींच्या मनाचा ओढा बाहेरच्या वस्तू-माणसांकडे असतो आणि काहींचा आतल्या जगाकडे, आणि आपण ज्या बाजूने बघतो तीच आपल्याला खरी वाटते. फ्रॉइडचा सिद्धांत त्यांनी पहिल्या बाजूला टाकला आणि अ‍ॅडलरचा दुसऱ्या. पण त्यांनी हेही स्पष्ट लिहिलंय की दोन्ही ओढे प्रत्येकात असतात, फक्त एकाचं पारडं जड असतं. म्हणजे आपलं घरच घे ना. मी म्हणते मुलगा तुटत चाललाय, तू म्हणतोस आई श्वास घेऊ देत नाही, आणि दोघंही आपापल्या खिडकीतून दिसतं तेवढंच खरं मानून बसलोय.

आता तुझी टेस्ट. चार अक्षरांची ही जी पद्धत आहे ना, ती युंगच्या पुस्तकावरून एका माय-लेकीने तयार केली, कॅथरीन ब्रिग्ज आणि इझाबेल मायर्स. दोघींपैकी कोणीच मानसशास्त्र शिकलेलं नव्हतं, लेक तर रहस्यकथा लिहायची. हे मी नावं ठेवायला सांगत नाहीये, उलट मला त्या दोघी आवडल्या, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात घरी बसून प्रश्नावली रचायची म्हणजे चिकाटी लागते. पण पद्धतीत एक मोठी खोट आहे आणि ती कुठल्याही शिक्षकाला लगेच कळेल. माणसं मोजली तर बहुतेक सगळी मधल्या भागात सापडतात, दोन्ही टोकांना थोडी थोडी. उंचीसारखंच. आता उंचीच्या मधोमध रेघ मारून म्हटलं की या बाजूचे सगळे उंच आणि त्या बाजूचे सगळे बुटके, तर रेघेला खेटून उभ्या असलेल्या दोघांत एका बोटाचा फरक असूनही एक उंच आणि एक बुटका, आणि तो बुटका त्याच्या रेघेच्या या बाजूच्या शेजाऱ्यापेक्षा पार टोकाच्या ठेंगण्यासारखा जास्त आहे असं आपण मानायचं. काही अर्थ आहे का याला? म्हणूनच तर तीच टेस्ट काही आठवड्यांनी परत दिली की कितीतरी जणांचं एखादं अक्षर बदलतं. तुझा स्क्रीनशॉट मी नीट बघितला. अंतर्मुख ५६ टक्के. ५६! बाळा, इतकी वर्षं पेपर तपासले मी, ५६ मिळालेल्याला मी कधी पहिल्या बाकावर बसवला नाही की शेवटच्या. आणि गेल्या वर्षी तूच उड्या मारत सांगायला आला होतास ना, एक्स्ट्रोव्हर्ट आलो म्हणून? ग्रुपबरोबर ट्रेकहून परत आलास त्याच आठवड्यात दिली होतीस ती.

संशोधन करणारी मंडळी आता टाईप हा शब्द फारसा वापरतच नाहीत, ते म्हणतात ट्रेट, म्हणजे कमी-जास्त असणारा गुण. आणि हे ट्रेट शोधायची त्यांची पद्धत मला जाम आवडली. विचार असा की माणसामाणसांतला जो फरक महत्त्वाचा आहे त्यासाठी भाषेने कधीतरी शब्द घडवलेलाच असणार. म्हणून १९३६ मधे ऑलपोर्ट आणि ऑडबर्ट या दोन मानसशास्त्रज्ञांनी इंग्रजीची मोठी डिक्शनरी चाळून माणसाचं वर्णन करणारे १७,९५३ शब्द वेगळे काढले. हाताने, कॉम्प्युटर नसताना. मग पुढच्या लोकांनी कोणते शब्द एकत्र जातात ते गणिताने बघत बघत यादी आटवत आणली आणि शेवटी पाच मोठे गठ्ठे उरले, त्यातला एक म्हणजे हे आपलं बहिर्मुखपण, अंतर्मुखपण म्हणजे त्याचंच खालचं टोक.

हे वाचल्यावर मी दुपारी बसून आपल्या मराठीतले शब्द आठवायला लागले. तुझ्यासारख्यांसाठी काय आहे आपल्याकडे? घुमा. माणूसघाणा. एककल्ली. बुजरा. मुखदुर्बळ. जरा बरं म्हणून अबोल, मितभाषी, आणि ते मितभाषी तर फक्त मोठ्या माणसांच्या सत्कारात ऐकू येतं, लहान मुलाला कोणी मितभाषी म्हणत नाही, त्याला घुमाच म्हणतात. आणि माझ्यासारख्यांसाठी? मनमिळाऊ, बोलकी, मोकळी, हसतमुख. शिव्या आहेत आम्हालाही, वाचाळ, बोलघेवडी, तोंडाची टकळी, पण त्या म्हणताना लोक निम्मे हसत असतात. माणूसघाणा म्हणताना कोणी हसत नाही. हे एवढ्या वर्षांत माझ्या लक्षात आलं नव्हतं रे, आणि मी भाषा शिकवते.

आता खरा मुद्दा, आणि इथे तू थोडा चुकतोयस असं मला वाटतं. तू "इंट्रोव्हर्ट" हा एकच ठोकळा धरून बसलायस. कोस्टा आणि मॅक्रे या दोघांनी त्या पाच गठ्ठ्यांची जी प्रश्नावली केली तिच्यात बहिर्मुखपणाचेही परत सहा तुकडे आहेत. जिव्हाळा, म्हणजे माणसांबद्दल माया वाटणं आणि ती दिसणं. दुसरा, घोळक्यात राहायची आवड. तिसरा ठामपणा, पुढाकार घेणं. चौथा कामाचा झपाटा. पाचवा थराराची हौस. आणि सहावा म्हणजे आनंद, उत्साह चटकन उफाळून येणं. हे सहाही सर्वसाधारणपणे एकत्र वर-खाली होतात म्हणून एका नावाखाली ठेवलेत, पण एकेका माणसात त्यांची वाट्टेल तशी खिचडी असू शकते.

मी तुझी मार्कशीट भरली. (शिक्षिकेची खोड, सांभाळून घे.) घोळका: शून्याला जरा वर, तेही ट्रेकमुळे. जिव्हाळा: तुझी आजी आजारी होती तेव्हा रोज रात्री तिच्या पायाशी बसून तिच्या त्याच त्याच गोष्टी पहिल्यांदा ऐकतोय अशा चेहऱ्याने कोण ऐकत होतं? मी नाही, मी स्वयंपाकघरातून ओरडत होते की आई हे तुम्ही कालच सांगितलंत. थरार: त्या उतारावरून सायकल सोडतोस तेव्हा मी डोळे मिटते, यापेक्षा जास्त काय लिहू. ठामपणा: एरवी मधला, पण कोणी खोटं बोललं की तू असा काही उभा राहतोस की बाबाही गप्प होतात. आणि माझी मार्कशीट भरली तर माझा थरार शून्य आहे, झोपाळ्यावर सुद्धा मला गरगरतं. मग सांग, घरात धाडसी कोण आणि बुजरं कोण? तुझं जे कमी आहे ते एक आहे, घोळका. त्याला तू सगळ्या स्वभावाचं नाव देऊन टाकलंस, आणि मग मला भीती वाटते की उद्या जिव्हाळाही त्याच नावाखाली बंद करून ठेवशील, "आम्ही इंट्रोव्हर्ट, आम्हाला माणसं नकोत". तुला माणसं हवी असतात. एका वेळी एक हवी असतात, बस.

बरं, हे असतं कशामुळे, तर त्यावर एक जुना ठोस प्रयत्न हान्स आयझेंक या मानसशास्त्रज्ञांचा. जर्मनीत जन्मले, नाझी आल्यावर देश सोडून इंग्लंडला गेले. १९६७ मधे त्यांनी मांडलं की मेंदूला जागं ठेवणारी जी यंत्रणा आहे ती अंतर्मुख माणसात मुळातच जास्त पेटलेली असते, म्हणून त्याला बाहेरून थोडंसंच पुरतं आणि जास्त झालं की नकोसं होतं, आणि बहिर्मुखाची मंद असते म्हणून तो बाहेरून आवाज, माणसं, गडबड गोळा करत फिरतो. म्हणजे मी बडबडते ती मेंदूची वात वर सरकवायला! त्यांचा लिंबाचा प्रयोग तर घरी करून बघण्यासारखा आहे: जिभेवर लिंबाच्या रसाचे थेंब टाकायचे आणि कापसाच्या बोळ्याने लाळ टिपून बोळ्याचं वजन आधी किती आणि नंतर किती ते बघायचं, तर अंतर्मुख लोकांना जास्त लाळ सुटली. पण हा सिद्धांत जसाच्या तसा काही टिकला नाही. शांत बसलेल्या माणसांचे मेंदू तपासले तर फरक नीट सापडत नाही, उत्तेजन मिळालं की मग प्रतिक्रियेत फरक दिसतो, कधी दिसतो कधी नाही. नंतरच्या लोकांनी डोपामीन या मेंदूतल्या रसायनाकडे, म्हणजे बक्षिसाच्या आशेने मेंदू किती हुरळतो तिकडे बोट दाखवलंय. जुळ्यांच्या अभ्यासांवरून एवढं मात्र पक्कं दिसतं की माणसामाणसांतल्या या फरकाचा निम्म्याच्या आसपास वाटा जन्मजात असतो. तो बाबांकडून आला हे सांगायला शास्त्रज्ञ नको.

आणि आता माझी विकेट. १९८४ मधे रसेल गीन नावाच्या संशोधकाने दोन्ही प्रकारच्या लोकांना एक शिकायचं काम दिलं आणि पाठीमागे आवाज किती हवा ते ज्याचं त्याला ठरवू दिलं. अंतर्मुखांनी हळू लावला, बहिर्मुखांनी मोठा. आपापल्या पसंतीच्या आवाजात दोघांचंही काम सारखंच छान झालं. पण अदलाबदल केली, याला त्याचा आवाज आणि त्याला याचा, तर दोघांचंही बिघडलं. हे वाचलं आणि मला तुझी परीक्षांची वर्षं आठवली. टीव्ही चालू, मी फोनवर, आणि तू येऊन म्हणायचास आई आवाज कमी कर, आणि मी काय म्हणायचे आठवतंय ना? "मन एकाग्र असेल तर ढोल वाजले तरी अभ्यास होतो, मी नाही का केला रेडिओ लावून!" केला होता मी. मला रेडिओ लागायचाच. तुला तो लागत नव्हता, आणि मी त्याला चार वर्षं नखरे म्हटलं. सॉरी.

ड्रेन होणं, बॅटरी संपणं, यावर मात्र मला बोलायचंय. इंट्रोव्हर्टची बॅटरी माणसांत संपते आणि एक्स्ट्रोव्हर्टची चार्ज होते हे जे सगळीकडे लिहिलेलं असतं ना, ते इतकं सरळ नाहीये. फिनलंडमधे २०१७ मधे छापून आलेला एक अभ्यास आहे, विद्यार्थ्यांना दिवसातून अनेकदा विचारलं की आत्ता तुम्ही किती बोलके-उत्साही वागताय आणि कसं वाटतंय. तर तसं वागताना त्या क्षणी मूड चांगला, पण साधारण तीन तासांनी थकवा. आणि हे स्वभाव कुठलाही असला तरी. म्हणजे मीही थकते रे. पालकसभा झाली की घरी येऊन मी सोफ्यावर पडते आणि कोणी बोलायला आलं तर डोळे मिटून घेते, तुला वाटायचं मी झोपलेय. मी झोपलेली नसायचे. फक्त तासाभराने उठून परत कोणाला तरी फोन लावायचे, तेवढाच काय तो आपल्यात फरक.

अजून एक. कॅनडातल्या एका अभ्यासात असं दिसलं की अंतर्मुख लोकांना आधी विचारलं की चारचौघांत मोकळेपणाने वागलात तर कसं वाटेल, तर ते म्हणतात अवघडल्यासारखं वाटेल, मजा येणार नाही, आणि प्रत्यक्षात वागल्यावर अंदाजापेक्षा बरीच जास्त मजा येते. (तुझा तो ट्रेक. जाताना तोंड किती वाकडं केलं होतंस!) हे वाचून मी लगेच तुला फोन लावणार होते, बघ बघ म्हणून. पण त्याच दिवशी दुसरं वाचलं, २०१९ मधलं, ऑस्ट्रेलियातलं. तिथे लोकांना आठवडाभर रोजच्या आयुष्यात बहिर्मुखासारखं वागायला लावलं. सरासरीने लोकांना बरं वाटलं. पण जे मुळातच जास्त अंतर्मुख होते त्यांचा फायदा कमी, थकवा जास्त, आणि आपण आपल्यासारखे वागत नाहीयोत अशी टोचणी. म्हणजे एक दुपार गंमत, रोजचीच झाली की शिक्षा. रोजचा फोन. कळलं मला.

एक प्रोफेसर आहेत ब्रायन लिटल म्हणून, व्यक्तिमत्त्वाच्याच अभ्यासातले, लेक्चर एकदम धमाल देणारे, आणि स्वतः चांगलेच अंतर्मुख. लेक्चर झालं की मधल्या सुट्टीत लोकांनी गाठू नये म्हणून ते टॉयलेटमधे जाऊन बसायचे. त्यांचं म्हणणं की आपल्याला जे काम मनापासून महत्त्वाचं वाटतं त्यासाठी माणूस स्वभावाच्या बाहेर जाऊन वागू शकतो, खोटेपणा नाही तो, फक्त नंतर सावरायला एक कोपरा लागतो. तुझ्या बाबांचा कोपरा म्हणजे गॅलरी. पाहुणे आले की तासाभराने ते कुंड्यांना पाणी घालायला जातात, पावसाळ्यातही. पंचवीस वर्षं मी पाहुण्यांसमोर त्यांना हाका मारून आत आणत आलेय.

आता जे लिहायला मला सगळ्यात जड जातंय ते. अंतर्मुखपणा आणि लाजाळूपणा या दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. १९८१ मधे चीक आणि बस या दोन मानसशास्त्रज्ञांनी हे मोजून दाखवलं. माणसांची ओढ किती, ही एक मोजपट्टी आणि माणसांसमोर भीती किती, ही दुसरी, आणि दोन्हींचा संबंध आहे पण थोडासाच. त्यामुळे चार प्रकारची माणसं निघतात. तुझे बाबा: ओढ कमी, भीती अजिबात नाही, शंभर लोकांसमोर उभं केलं तरी दोन वाक्यं बोलून शांतपणे खाली बसतील. मी, तुझ्या वयाची असताना: ओढ प्रचंड आणि भीतीही प्रचंड. त्या अभ्यासात सगळ्यात जास्त कुचंबणा माझ्यासारख्यांचीच दिसली, जायचं तर आहे आणि पाय उचलत नाही. आता कोणाला सांगितलं तर खरं वाटणार नाही, पण नोकरीच्या पहिल्या वर्षी मुख्याध्यापकांच्या केबिनबाहेर मी वाक्यं पाठ करून उभी राहायचे. माझी भीती गेली, ओढ राहिली. भीती जाऊ शकते हे मला स्वतःवरून माहिती आहे.

म्हणून प्रश्न असा की तू यातला कुठला? कारण तू मागे लिहिलं होतंस की प्रोजेक्टचं प्रेझेंटेशन तू मित्राला देऊन टाकलंस, "मी इंट्रोव्हर्ट ना". बाळा, प्रेझेंटेशन म्हणजे काही पार्टी नाही. तयारी करून एका विषयावर दहा मिनिटं बोलायचं, मधे कोणी गप्पा मारायला येत नाही, उलट तुमच्यासारख्यांना ते पार्टीपेक्षा सोपं जायला हवं. नको वाटलं म्हणून दिलंस की घाबरलास म्हणून? पहिलं असेल तर तुझी मर्जी. दुसरं असेल तर त्याला इंट्रोव्हर्ट हे नाव देऊन झाकून ठेवू नकोस, भीतीवर उपाय असतात, थोडं थोडं करत सवय लावता येते, कोणा कौन्सेलरशी बोलता येतं, आणि फारच वाढली तर तिला रीतसर सोशल अँक्झायटी म्हणतात, त्यावर चांगले उपचार आहेत. स्वभावाला उपचार नसतात कारण तो आजार नाही.

आणि ती भीती असेल, तर मला वाटतं ती मी घातली. तू पाच-सहा वर्षांचा असशील. घरी पाहुणे होते, आणि तू पडद्यामागे उभा राहून बघत होतास, रडत नव्हतास, खुशाल बघत होतास. मी तुला दंडाला धरून मधे आणलं आणि म्हटलं कविता म्हण. तू म्हटली नाहीस. मी हसून सगळ्यांना सांगितलं, "लाजतो हो फार, माझ्यावर नाही गेला." सगळे हसले. त्यानंतर तू पडद्यामागे सुद्धा यायचा बंद झालास, सरळ आतल्या खोलीत. मी तेव्हा त्यातून काय समजले, तर पोरगं लाजाळू आहे, बघा मी म्हटलंच होतं.

जेरोम केगन नावाच्या मानसशास्त्रज्ञांनी चार महिन्यांच्या बाळांना रंगीत खेळणी हलवून दाखवली, टेपवरचे आवाज ऐकवले, वास दिले. साधारण २० टक्के बाळं हातपाय झाडून रडायला लागली, ४० टक्के निवांत पडून राहिली. कोणालाही वाटेल की जी हातपाय झाडतात ती पुढे धीट होणार. उलटं निघालं, तीच मोठी होताना अनोळखी माणसांना, नव्या जागांना जास्त बिचकणारी निघाली. सगळी नाही पण. घरचं वातावरण, कोण कसं वागवतं, यावर बरंच अवलंबून. तू चार महिन्यांचा असताना मिक्सर लावला की अख्खी बिल्डिंग गोळा होईल असा रडायचास. मला तेव्हा हे कोणी सांगितलं असतं तर त्या दिवशी तुला पडद्यामागेच राहू दिलं असतं, अर्ध्या तासाने तूच आला असतास बाहेर.

दुसऱ्यांच्या मुलांचंही मी तेच केलंय. इतक्या वर्षांत प्रगतीपुस्तकांवर किती वेळा लिहिलं असेल, "हुशार आहे पण अबोल, वर्गात सहभाग वाढवावा". त्यातला तो पण. गटचर्चेचे मार्क ठेवायची आयडिया शाळेत मीच आणली होती. येल विद्यापीठात १९५८ मधेच दाखवून झालं होतं की चार जणांना एकत्र बसवून कल्पना काढायला लावल्या तर जितक्या निघतात त्याच्या जवळजवळ दुप्पट कल्पना चार जणांनी वेगवेगळं बसून काढलेल्या एकत्र केल्या तर निघतात. एक बोलत असतो तेव्हा बाकीच्यांना थांबावं लागतं, तेवढ्यात सुचलेलं विसरतं. त्यात अंतर्मुख-बहिर्मुख असं वेगळं केलेलं नव्हतं, पण थांबणारं कोण असतं हे मला तीस बाकांवर रोज दिसायचं. आता मी आधी पाच मिनिटं सगळ्यांना वहीत लिहायला लावते, मग चर्चा. मागच्या आठवड्यापासून. एक मुलगी जी वर्षभर बोलली नव्हती तिच्या वहीत दीड पान होतं. मोठ्याने वाचू का विचारलं, ती म्हणाली तुम्ही वाचा. मी वाचलं.

आता फोनचं. रोजचा बंद, ठरलं. त्याबदल्यात मी दिवसभरात जे सुचेल ते लिहून पाठवत जाईन, उत्तराची अपेक्षा नाही, निळ्या टिका दिसल्या तरी मी काही म्हणणार नाही (प्रयत्न करीन). आठवड्यातून एकदा निवांत म्हणालास ना, मग रविवारी संध्याकाळी. पण तू करायचास. मी केला की तो माझ्या सवडीचा होतो हे मला आता समजलंय. आणि आठवडा अगदीच वाईट गेला तर रविवारची वाट बघू नकोस, तेव्हा इंट्रोव्हर्ट-बिंट्रोव्हर्ट काही चालणार नाही.

बाबांना विचारलं तुम्हाला काही लिहायचंय का. त्यांनी विचार केला, चांगला पाच मिनिटं, आणि म्हणाले, "ठीक आहे म्हण." मग गॅलरीत गेले. थोड्या वेळाने आत येऊन म्हणाले, "सायकलच्या ब्रेकचं विचार त्याला."

ब्रेक बघून घे.

तुझी,
आई

ता. क. रविवारी पहिल्याच रिंगला उचलणार नाही. तिसऱ्या.